सहा महिने पुढचे पंचांग : डार्विन आणि काकाडू

मागील अंकात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरील डार्विन शहराचा आणि त्याच्या आसपासच्या राष्ट्रीय उद्यानांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही निवडक पत्रे संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : माझी कन्या गेल्या वर्षापासून डार्विनला शिकत आहे. आम्ही उभयता, माझ्या ७२ वर्षांच्या सासूबाई आणि सातवीतला मुलगा असे चौघे तिच्याकडे जाऊन तेथील राष्ट्रीय उद्याने पाहू इच्छितो. दिवाळीची सुटी, नाताळची सुटी आणि मे महिना असे तीन पर्याय आहेत. मे महिन्यात इथल्या उकाड्यातून उठून पुन्हा उष्ण कटिबंधातच जाणे यजमानांना पटत नाही. त्यांच्या मते नाताळात हवा थंड असेल. आपले मत काय? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपल्या यजमानांचा तर्क ठाण्यापुरता बिनचूक आहे. डार्विन मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे साडेबारा अंशांवर वसलेले असल्यामुळे तेथे आपले पंचांग सहा महिने पुढे सरकवून वाचावे लागते. पावसाचा पट्टा सूर्याच्या मागोमाग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुन्हा उत्तरेकडे फिरत असतो. जूनमध्ये तो आपल्या सह्याद्रीवर असतो आणि डिसेंबरअखेरीस डार्विनच्या डोक्यावर. त्यामुळे नाताळात आपल्याला तेथे गारवा भेटणार नाही, आपला जुलै भेटेल. जानेवारीत तेथे सरासरी चारशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, काकाडू या जवळच्या मोठ्या राष्ट्रीय उद्यानातील अनेक रस्ते पाण्याखाली जातात आणि चक्रीवादळांचा हंगामही तोच असतो. १९७४ च्या नाताळच्या आदल्या रात्री आलेल्या ट्रेसी नावाच्या चक्रीवादळाने या शहरातील बहुसंख्य घरे जमीनदोस्त केली आणि ६६ माणसांचा बळी घेतला. आजचे डार्विन इतके नवे आणि काहीसे चेहरा नसलेले का दिसते, याचे अर्धे उत्तर त्या रात्रीत आहे. उरलेले अर्धे १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी केलेल्या बॉम्बहल्ल्यात आहे.

दिवाळीचा पर्याय याहून फसवा आहे, कारण त्या वेळी पाऊस पडत नाही, फक्त येणार येणार म्हणत राहतो. तेथील लोक या काळाला 'बिल्ड-अप' म्हणतात. ढग जमतात, दूरवर गडगडते, अंगाला कपडे चिकटतात आणि संध्याकाळी आकाश पुन्हा कोरडे ते कोरडेच. मृगाची वाट पाहण्यात गेलेले ठाण्यातले मेअखेरचे दहा दिवस आठवावेत आणि ते दोन महिने ताणावेत. आंबाही तेथे याच सुमारास पिकतो, म्हणून या दिवसांतील चिडचिडीला स्थानिक बोलीत 'मँगो मॅडनेस' असे नावच पडले आहे. प्रस्तुत लेखकाने एकदा स्वस्त तिकिटाच्या मोहाने नोव्हेंबरात हा प्रवास केला होता. ऐन दिवाळीत झाडावर पिकलेला आंबा खायला मिळाला, एवढे एकच सुख त्या सहलीच्या खात्यावर जमा आहे.

राहिला मे महिना. मे ते सप्टेंबर हा तेथील कोरडा हंगाम असतो. दिवसा तापमान ३१ अंशांच्या आसपास असते, रात्री ते विशीपर्यंत उतरते, आणि जून-जुलैत पाऊस जवळजवळ शून्य असतो. घाम तेथेही येतो, पण तो वाळतो. मात्र मेच्या पहिल्या आठवड्यात घाई करू नये. पर्यटकांच्या माहितीपत्रकात 'ओला' आणि 'कोरडा' असे दोनच हंगाम छापलेले असले, तरी काकाडूचे मूळ रहिवासी असलेले बिनिंज आणि मुंग्गुय लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. वसंत, ग्रीष्म, वर्षा असे पाठ करत वाढलेल्या आपल्याला यात काहीच नवल वाटू नये. गुद्जेवेग हा भर पावसाचा ऋतू. त्यानंतर एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या बांगेरेंगमध्ये माणसाच्या उंचीहून वाढलेले भाला-गवत वळवासारख्या वादळांनी आडवे होते. मे-जूनचा येग्गे हा धुक्याच्या सकाळींचा आणि पाणथळींवर फुललेल्या कमळांचा, त्यापुढचा वुर्गेंग थंड कोरड्या वाऱ्याचा, गुर्रुंग उष्ण आणि कोरडा, आणि गुनुमेलेंग म्हणजे वर वर्णन केलेली ती तगमग. आपण येग्गे गाठावा. मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा, म्हणजे इथल्या शाळा पंधरा जूनच्या सुमारास उघडण्याआधी परतता येईल, अशी आखणी केल्यास धबधब्यांना भरपूर पाणी असेल आणि बहुतेक डांबरी रस्ते उघडलेले असतील. काकाडूतील जिम जिम धबधब्याकडे जाणारा कच्चा रस्ता मात्र पूर ओसरून तपासणी झाल्यावरच खुला होतो, त्यामुळे तो तेव्हा मिळेलच असे धरून चालू नये. सासूबाई बरोबर असताना तो न मिळालेलाच बरा, कारण त्याचा शेवटचा टप्पा गाडीतल्या प्रत्येकाचे सांधे मोजतो.

दिवसांचा हिशेब असा करावा. लिचफील्ड हे छोटे उद्यान डार्विनहून दीड तासावर असून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. तेथे फ्लॉरेन्स आणि वांगी हे धबधबे आहेत, पण मुलासाठी खरे आकर्षण वारुळांचे ठरावे. नागपंचमीला आपण पुजतो ती वारुळे गोलसर असतात. येथील एका जातीच्या वाळवीची वारुळे पाटीसारखी चपटी, दोन मीटरपर्यंत उंच आणि सगळीच्या सगळी उत्तर-दक्षिण रेषेत उभी असतात. सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन त्यांच्या रुंद बाजूवर पडते आणि माध्यान्हीचा सूर्य केवळ पातळ कडेवर येतो, त्यामुळे आतले तापमान फारसे बदलत नाही. ही वाळवी पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या सपाट जमिनीवर राहते. उन्हापासून वाचण्यासाठी तिला खोल जमिनीत उतरता येत नाही, म्हणून तिने घरच वळवून बांधले आहे. मुलाच्या हातात होकायंत्र द्यावे.

काकाडूला मात्र किमान तीन रात्री द्याव्यात. हे उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचे आहे. पालघर वेगळा होण्यापूर्वीचा आपला अखंड ठाणे जिल्हा साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचा होता. तसे दोन जिल्हे येथे बसतात. डार्विनहून जबिरू हे उद्यानातले गाव सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि तेथून पुढे प्रत्येक ठिकाणाला तास-अर्धा तास लागतो. 'एका दिवसात काकाडू' अशी जाहिरात करणाऱ्या बसगाड्या आहेत. त्यांतून काकाडू खिडकीतून दिसते. सासूबाईंसाठी कूइंडा येथील यलो वॉटर या पाणथळीतील होडीची पहाटेची पहिली फेरी अवश्य ठेवावी. चालणे नाही, सावली आहे, आणि जे पाहण्यासाठी इतरांना पायपीट करावी लागते ते बसल्या जागी समोर येते.

जाता जाता एक सूचना. या काळात तेथे जागोजागी जंगलाला आग लावलेली दिसेल. येऊरच्या डोंगरावर मार्चमध्ये वणवा दिसला की आपल्या पोटात गोळा येतो, तसे तेथे होऊ देऊ नये. गवत पुरते वाळण्याआधी थोडे थोडे जाळत गेले, तर पुढे कडक उन्हाळ्यात मोठा वणवा पेटत नाही, हे मूळ रहिवाशांचे पिढीजात शास्त्र आहे आणि उद्यानाचे अधिकारीही त्याच पद्धतीने काम करतात. त्या धुरावर ज्या घारी घिरट्या घालताना दिसतील, त्या ठाण्याच्या आकाशात दिसतात त्याच जातीच्या आहेत. आगीतून पळणारे नाकतोडे टिपण्यासाठी त्या जमतात.

प्रश्न : डार्विनचा समुद्र छायाचित्रांत फार सुंदर दिसतो, पण मगरींविषयी वाचून धास्ती वाटते. दोन लहान मुलींसह जात आहोत. पाण्यात उतरावे की नाही? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : समुद्रात उतरू नये. नद्यांत, खाड्यांत आणि पाणथळींतही उतरू नये, आणि त्यांच्या काठाशी उभे राहून मासळी धुणे, हात बुडवणे असले प्रकारही करू नयेत. खाऱ्या पाण्यातील मगर हे तिचे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण पुराच्या पाण्याबरोबर ती समुद्रापासून कितीतरी आत गोड्या पाण्यात जाते आणि पूर ओसरल्यावर तेथेच राहते. पवई किंवा तुळशी तलावातील मगर पाहून जो अंदाज आपण बांधतो तो येथे उपयोगाचा नाही. ही मगर सहा मीटरपर्यंत वाढते आणि माणसाला भक्ष्य समजते. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे ती एके काळी संपत आली होती. १९७१ साली या प्रांतात तिला संरक्षण मिळाले आणि आज तेथे सुमारे एक लाख मगरी असाव्यात, असे मानले जाते. समुद्रात तिच्या जोडीला ऑक्टोबर ते मे या काळात बॉक्स जेलीफिश नावाचा विषारी प्राणी असतो. परिणामी निळ्याशार समुद्राच्या काठी राहणारे हे शहर पोहायला तलावावर जाते. बंदराजवळच्या वॉटरफ्रंट भागात जाळी लावलेले आणि लाटा उसळणारे असे दोन्ही प्रकारचे तलाव आहेत. मुलींना तेथे न्यावे.

लिचफील्डचे डोह ही वेगळी गोष्ट आहे. दर पावसाळ्यानंतर वनरक्षक तेथे सापळे लावतात, रात्री दिव्याने पाहणी करतात, आणि मगर नसल्याची खात्री पटल्यावरच डोह पोहण्यासाठी उघडतात. फ्लॉरेन्स धबधबा आणि बुली रॉकहोल येथील उथळ कुंडे मुलींना आवडतील. नियम एकच : त्या दिवशीचा फलक पाहावा. काल उघडा असलेला डोह आज बंद असू शकतो, आणि इतर कोणी पोहत आहे हा पुरावा होऊ शकत नाही. उपवन तलावाच्या काठावरचा फलक वाचून आपण जसे पुढे जातो, तसे येथे करू नये.

मगर पाहण्याची हौस मात्र सुरक्षितपणे फिटते. काकाडूच्या वाटेवर ॲडलेड नदीत बांबूला मांस लटकवून मगरींना उडी मारायला लावणाऱ्या होड्या आहेत. हा प्रकार आम्हाला फारसा रुचला नाही, मुलींना रुचेल. डार्विनच्या संग्रहालयात 'स्वीटहार्ट' या लाडक्या नावाची ५.१ मीटरची मगर पेंढा भरून ठेवली आहे. ती माणसांच्या वाटेला कधी गेली नाही, पण मासेमारी होड्यांची इंजिने चावत असे. त्याच संग्रहालयात एका अंधाऱ्या खोलीत ट्रेसी वादळाचे ध्वनिमुद्रण ऐकवतात. लहान मुलींना तेथे नेऊ नये.

प्रश्न : स्वतः गाडी चालवत काकाडूला जाता येईल का? मला मुंबई-गोवा महामार्गाचा वीस वर्षांचा अनुभव आहे. (एक वाचक, कळवा)

उत्तर : मुंबई-गोवा महामार्गाने शिकवलेले बरेचसे कौशल्य तेथे विसरावे लागेल, कारण रस्ता सरळ, रिकामा आणि कंटाळवाणा आहे आणि धोका त्या कंटाळ्यातच आहे. वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना असावा. तो आपल्या आरटीओत मिळतो आणि एक वर्ष चालतो. महामार्गावर काही पट्ट्यांत ताशी १३० किलोमीटरची मुभा आहे, पण पुढे पन्नास मीटरहून लांब, तीन-चार डबे जोडलेले मालट्रक असतात. त्यांना ओलांडण्यासाठी लागणारे अंतर आपल्या अंदाजाच्या दुप्पट धरावे. सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नये. वॉलबी (लहान कांगारू) आणि रानम्हशी रस्त्यावर येतात, आणि गाव सोडून रात्री गाडी चालवण्यास भाड्याच्या गाड्यांच्या करारात बहुधा मनाई असते. तो करार बारीक अक्षरांसकट वाचावा. खडकचित्रांची उबिर आणि बुर्रुंगकुय ही ठिकाणे आणि कूइंडा येथवर रस्ते डांबरी आहेत, त्यामुळे साधी गाडी पुरते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काकाडू केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे, तर लिचफील्ड प्रांत सरकारच्या. दोन्हींचे प्रवेशपास निरनिराळे असून ते निघण्यापूर्वी ऑनलाइन काढून ठेवावेत. जबिरू सोडले की फोनची रेंज जाते, तेव्हा पास, नकाशा आणि पिण्याचे पाणी तिघेही गाडीत असावेत.

प्रश्न : मी चित्रकला शिक्षिका आहे. काकाडूतील खडकांवरची चित्रे आपल्या वारली चित्रांसारखी आहेत असे ऐकले. ती पाहण्यासाठी नेमके कोठे जावे? (एक वाचिका, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : सारखेपणा रेषेत शोधू गेल्यास आपली निराशा होईल. वारलीतील त्रिकोणांची माणसे तेथे नाहीत. उबिर येथील मुख्य दालनात बारामुंडी मासा, कासव, गोह हे प्राणी गेरू, पिवळी माती आणि पांढरी माती यांनी रंगवलेले आहेत, आणि ते कातडी पारदर्शक असल्यासारखे काढलेले आहेत : पाठीचा कणा, आतडी, चरबीचा भाग, सारे आत दिसते. अभ्यासक याला क्ष-किरण शैली म्हणतात. खाणाऱ्याच्या नजरेने काढलेले हे चित्र आहे, असे आम्हाला वाटते. उंचावर एका ठिकाणी टास्मानियन वाघाचे चित्र आहे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला, म्हणजे त्या चित्राचे वय निदान तेवढे तरी आहेच. परिसरातील मद्जेदबेबे या खडकाश्रयात सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा मिळाल्याचे संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले, आणि तेथे गेरूचे तुकडेही सापडले.

खरा सारखेपणा वेगळ्या जागी आहे. बुर्रुंगकुय येथील अनबांगबांग दालनात विजेचा पुरुष नमर्गोन रंगवलेला आहे; त्याच्या डोक्यापासून पायांपर्यंत विजेची कमान जाते आणि कोपर-गुडघ्यांना गडगडाट करणाऱ्या दगडी कुऱ्हाडी आहेत. हे दालन इतके जुने भासते, पण त्यातील ठळक आकृत्या १९६३-६४ च्या सुमारास नव्याने रंगवलेल्या आहेत. पर्यटक हे ऐकून हिरमुसतात. आपण हिरमुसू नये. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि लग्न पार पडल्यावर तो चौक जपून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाही, पुढच्या लग्नाला नवा लिहिला जातो. काकाडूतही चित्र काढण्याच्या कृतीला मान होता. जुन्यावर नवे काढणे ही तेथील रीतच होती, म्हणून एकाच खडकावर थरावर थर दिसतात.

उबिरला दुपार टळल्यावर जावे, आधी दालने पाहावीत आणि मग नादाब पाणथळीवर नजर टाकणाऱ्या खडकावर चढावे. चढण अडीचशे मीटरची, थोडी खडी, पण जमण्याजोगी आहे. वर पोहोचल्यावर एका बाजूला हिरवीगार पाणथळ आणि दुसऱ्या बाजूला अर्नहेम लँडचे कडे दिसतात. त्या पलीकडच्या प्रदेशात परवान्याखेरीज जाता येत नाही. चित्रांना हात लावू नये, हे शिक्षिकेला सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : नेरुळच्या पाणथळीवर मी दरवर्षी रोहित पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. पक्ष्यांसाठी काकाडूला केव्हा जावे? (एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : आपल्यासाठी उत्तर वेगळे आहे. नौपाड्यातील कुटुंबाला आम्ही येग्गे सुचवला. आपण गुर्रुंग गाठावा, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. येग्गेमध्ये पाणी सर्वदूर पसरलेले असल्यामुळे पक्षीही विखुरलेले असतात. पाणी आटत जाते तसे ते उरलेल्या डबक्यांकडे सरकतात आणि ममुकला व यलो वॉटर येथे काळ्यापांढऱ्या मॅगपाय हंसांचे हजारोंचे थवे उतरतात. उकाडा वाढलेला असतो, पण ठाणे खाडीच्या काठी मे महिन्यात तिपाई घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याचे काय!

ऑस्ट्रेलियातील एकूण पक्षिजातींपैकी सुमारे एक-तृतीयांश काकाडूत आढळतात. त्यांत काही ओळखीचे चेहरेही आहेत. तेथे जबिरू म्हणून ओळखला जाणारा पक्षी म्हणजे आपला काळ्या मानेचा करकोचा. भारतात तो आता दुर्मीळ झाला आहे, तेथे निवांत दिसतो. कोकण किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुडही आहे. ब्रोल्गा हा सारसाचा भाऊबंद, आणि कमळाच्या पानांवरून चालणारा लाल तुऱ्याचा कमळपक्षी पिलांना पंखाखाली उचलून नेताना दिसला, तर आपल्या प्रवासाचे सार्थक झाले असे समजावे. डार्विनहून निघताना वाटेत फॉग डॅमला थांबावे. १९५० च्या दशकात येथे व्यापारी भातशेतीचा मोठा प्रयोग झाला, त्यासाठी हे धरण बांधले गेले. शेती बुडाली. भात फस्त करणाऱ्यांत मॅगपाय हंसही होते. धरण पक्ष्यांकडे राहिले.

प्रश्न : त्याच सहलीत उलुरू हा प्रसिद्ध लाल खडक पाहून होईल का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : नाही. तो रस्त्याने सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, वाळवंटात आहे. त्याची स्वतंत्र सहल करावी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. घरून काय न्यावे? (एक वाचिका, वाशी)

उत्तर : जे न्याल ते विमानात मिळणाऱ्या आगमनपत्रावर लिहावे. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थांची तपासणी अत्यंत कडक आहे. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, न लिहिलेल्या वस्तूबद्दल मोठा दंड होतो. ताजी फळे, बियाणे, पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ नेऊच नयेत. जावयासाठी हापूसची पेटी नेण्याचा विचार मनात आला असल्यास तो ठाण्यातच सोडावा. बंद पाकिटातील चकली, भाजलेला चिवडा, थालीपिठाची भाजणी हे लिहून न्यावे आणि निर्णय अधिकाऱ्यावर सोडावा.

डार्विनमध्ये भारतीय किराणा आणि उपाहारगृहे आहेत, त्यामुळे शहरात अडणार नाही. मिंडिल किनाऱ्यावर कोरड्या हंगामात गुरुवारी आणि रविवारी सूर्यास्ताचा बाजार भरतो, शनिवारी सकाळी पॅरप भागातला. तेथील लक्सा नावाची नारळाच्या दुधातली शेवयांची आमटी प्रसिद्ध आहे, परंतु 'व्हेजिटेबल' म्हटलेल्या लक्साच्या वाटणातही पुष्कळदा सुकट असते, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. काकाडूत पर्याय थोडे आहेत. जबिरूच्या दुकानातून तांदूळ, डाळ, बटाटे घेऊन स्वयंपाकघर असलेली खोली आरक्षित करावी, आणि लहान कुकर बॅगेत ठेवावा.